एका दिव्याची तालीम

कोल्हापुरात चित्रकार, मूर्तिकार आणि छायाचित्रकार या तीन वृत्ती पुष्कळदा एकाच घरात, आणि काही थोर उदाहरणांत तर एकाच माणसाच्या ठिकाणी नांदल्या; आणि माणसाच्या चेहऱ्यावर प्रकाश कसा टाकावा या प्रश्नाचा विचार या शहरात जितक्या गांभीर्याने झाला तितका महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच झाला असेल, याचे कारण माझ्या मते या एकत्र नांदण्यातच आहे. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजे ज्यांना सारा महाराष्ट्र कलामहर्षी बाबूराव पेंटर या नावाने ओळखतो, ते ३ जून १८९० रोजी याच शहरात जन्मले. सुतारकाम, लोहारकाम आणि मूर्तिकाम यांचा हुन्नर त्यांना घरातच मिळाला. बंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले, तैलरंगात व्यक्तिचित्रे काढली, आणि चलच्चित्राच्या मोहाने दोघेही झपाटले असता १९१६ साली आनंदराव अकाली निवर्तले, तेव्हा बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने विलायती यंत्राच्या नमुन्यावरून स्वतःच्या कारखान्यात कॅमेरा घडवून ते अधुरे काम तडीस नेले. हाती मातीही होती, रंगही होता आणि भिंगही होते, अशा माणसाने प्रकाशाकडे ज्या दृष्टीने पाहिले ती दृष्टी आज घरी किंवा लहानशा स्टुडिओत व्यक्तिचित्रण करू पाहणाऱ्या तरुणाच्या फार उपयोगी पडण्यासारखी आहे, म्हणून हा प्रपंच.

मूर्तिकाराला उजेडाची जी समज कामाच्या ओघात येते ती छायाचित्रकाराला मुद्दाम मिळवावी लागते. मातीचे शिर फिरत्या पाटावर ठेवून मूर्तिकार ते खिडकीसमोर वारंवार फिरवीत असतो, आणि प्रत्येक फेऱ्यात त्याच्या ध्यानात येते की, ज्या गालाला आपण बोटही लावलेले नाही तो गाल केवळ उजेडाची दिशा बदलल्यामुळे खोल गेला, हनुवटी पुढे सरसावली, कपाळ रुंदावले. छायाचित्राच्या कागदाला तर खोली मुळीच नसते. त्या सपाट पृष्ठावर नाकाची उंची, डोळ्याची खोबण आणि जबड्याची कड यांची प्रतीती करून देणारे साधन म्हणजे उजेडाच्या पायऱ्या, म्हणजे पूर्ण प्रकाश कोठे, मंद प्रकाश कोठे, काळोख कोठे, आणि एकातून दुसऱ्यात होणारे संक्रमण किती सावकाश अथवा किती एकाएकी. ज्याला हे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्याने शिवाजी चौकातील बाबूरावांच्याच हातचा शिवछत्रपतींचा पुतळा एकाच दिवसात सकाळी, भर दुपारी आणि मावळतीला असा तीन वेळा, एकाच जागी उभे राहून पाहावा. सकाळी ज्या मुद्रेत प्रसन्नता दिसते तिच्यातच दुपारी, सूर्य डोक्यावर येऊन डोळे भुवयांच्या छायेत बुडाले असता, कठोरता दिसू लागते. आणि धातूत तर रतिमात्र फरक झालेला नसतो.

दादासाहेब फाळके यांच्या काळी चित्रीकरणाचा दिवा म्हणजे सूर्य. उघड्यावर नेपथ्य उभारावयाचे, वर पांढरे कापड ताणून ऊन गाळून घ्यावयाचे, आणि सावलीच्या बाजूस पांढरे वा चंदेरी फलक धरून परतीचा उजेड पाठवावयाचा, असा त्या वेळचा दस्तूर होता. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात प्रदर्शित झाला. पुढे १९२३ साली हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून त्यांनी ‘सिंहगड’ घेतला, तेव्हा मात्र सूर्याची चाकरी पुरेशी पडेना, कारण तानाजीची चढाई रात्रीची, आणि रात्र दाखवावयाची तर काळोख हाच मुख्य पदार्थ होतो व त्यात हवा तेथे आणि हवा तेवढाच उजेड पेरावा लागतो. त्या चित्रपटात त्यांनी कृत्रिम दिव्यांची योजना केली, आणि भारतीय चित्रपटातील तसला हा पहिला प्रयोग होय अशी इतिहासात नोंद आहे. या घटनेचे वर्णन करताना लोक दिव्यांच्या नावीन्यावर थांबतात. मला तिच्यात अधिक मोलाचे वाटते ते असे की, सूर्य जेथे असेल तेथून मिळेल तो प्रकाश घेण्याऐवजी, प्रकाश कोठून यावा हे ठरविण्याची मुखत्यारी त्या दिवशी कलावंताच्या हाती आली.

ही मुखत्यारी मिळविण्याची खटपट युरोपात आधीच सुरू झालेली होती. पॅरिसच्या नादार नामक छायाचित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकाच्या आरंभी विजेचे आर्क दिवे भुयारांत नेऊन तेथील अस्थिगृहांची चित्रे घेतली. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची चमकपूड निघाली, आणि क्षणार्धात भडकून धुराचा लोट सोडणाऱ्या त्या पुडीने पुढील कित्येक वर्षे समारंभांची चित्रे घेतली गेली. त्या काळच्या काचांवरील आणि फितींवरील रसायनाचा एक स्वभाव लक्षात ठेवण्याजोगा आहे: त्याला निळा रंग फार दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे कुंकू काळे येई, पान खाल्लेले ओठ काळे येत, आणि आपल्याकडील सावळा वर्ण वास्तवाहून कितीतरी काळवंडे. मग कारागीर काचेवर पेन्सिलीने हात फिरवून तो उजळ करी. जुन्या घरांतील भिंतींवर पणजोबांच्या ज्या तसबिरी आहेत, त्यांतील चेहरे एकाच गुळगुळीत साच्यातून काढल्यासारखे का दिसतात, याचे निम्मे उत्तर या पेन्सिलीत आहे.

उरलेले निम्मे उत्तर त्या काळच्या स्टुडिओच्या बांधणीत सापडते. वीज नसताना स्टुडिओ म्हणजे उत्तरेकडे काचेचे छप्पर किंवा मोठी खिडकी असलेली खोली. चित्रकारांचा हा जुना संकेत छायाचित्रकारांनी जसाच्या तसा उचलला, कारण उत्तरेच्या आकाशातून ऊन येत नाही, नुसता उजेड येतो, आणि तो दिवसभर फारसा बदलत नाही. हा नियम मूळ लंडन-पॅरिसचा. कोल्हापूर १६ अंश ४२ कला उत्तर अक्षांशावर असल्याने येथे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेस असतो, आणि त्या अवधीत उत्तरेची खिडकीही निर्धोक राहात नाही. सुदैवाने त्यातील मोठा भाग पावसाळ्यात जातो. आषाढात सह्याद्रीवरून आलेले ढग जेव्हा सारे आकाश झाकून टाकतात, तेव्हा पंचगंगेच्या घाटावर किंवा रंकाळ्याच्या काठी उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जो मृदू, सर्वदूर पसरलेला प्रकाश पडतो, त्याची बरोबरी करणारा दिवा अद्याप कोणत्याही कारखान्यातून बाहेर पडलेला नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आता प्रयोगाकडे वळू. आरंभ एकाच दिव्याने करावा, आणि या बाबतीत मी आग्रही आहे. बाजारात तीन दिवे, दोन छत्र्या आणि एक सॉफ्टबॉक्स असा संच एकत्र मिळतो आणि नवशिका तो सर्व सरंजाम पहिल्याच दिवशी मांडून बसतो. परिणाम असा की, नाकाच्या दोन बाजूंना दोन सावल्या पडतात, आणि कोणती कोणत्या दिव्याची याचा उलगडा त्याला होत नाही. त्यापेक्षा खोली अंधारी करावी, एका होल्डरात साधा घरगुती बल्ब लावावा, आणि घरातील कोणा सोशिक माणसाला, किंवा आरंभी प्लास्टरच्या शिराला, भिंतीपासून दोन हात पुढे बसवून तो दिवा त्याच्याभोवती सावकाश फिरवावा. चेहऱ्यासमोर, कॅमेऱ्याच्या अगदी लगत दिवा असता सावल्या चेहऱ्यामागे लपतात आणि नाक गालात विरघळते. तोच दिवा सरळ वर नेला की नाकाखाली एक लहानशी, फुलपाखराच्या आकाराची सावली उतरते आणि गालांची हाडे उठून दिसू लागतात. मार्लीन डीट्रिश या नटीचे मुख जगाच्या स्मरणात ज्या रूपाने राहिले ते स्टर्नबर्ग या दिग्दर्शकाने योजिलेल्या अशाच उंच दिव्याने घडविलेले आहे. दिवा एका बाजूला काटकोनात आणला तर चेहऱ्याचे उजेड आणि काळोख असे दोन सरळ हिस्से होतात. या दोन टोकांच्या मध्ये, बाजूस सुमारे पंचेचाळीस अंश आणि डोळ्यांच्या पातळीहून वर, एक जागा अशी येते की, नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि अंधाऱ्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा एक छोटा त्रिकोण उरतो. रेम्ब्रांट या डच चित्रकाराने अनेक चेहरे असे रंगविले, म्हणून या मांडणीला छायाचित्रकार त्याचेच नाव देतात. त्रिकोण डोळ्याहून रुंद आणि नाकाहून लांब नसावा असा संकेत आहे. पण संकेतापेक्षा, दिवा चार बोटे इकडे सरकला की तो त्रिकोण कसा फुटतो आणि चार बोटे तिकडे सरकला की कसा बुजतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे अधिक महत्त्वाचे.

दिशेनंतर अंतराचा हिशेब. प्रकाशाचा नियम असा की, लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा नव्हे, चौथाई उरतो. माणूस दिव्यापासून एक मीटरवर आणि मागची भिंत दोन मीटरवर असेल तर भिंतीला चेहऱ्याच्या चौथाई उजेड मिळेल आणि पांढरी भिंतही राखाडी दिसेल. दिवा मागे नेऊन माणूस चार मीटरवर आणि भिंत पाच मीटरवर आली की तीच भिंत सोळा-पंचविसांश, म्हणजे जवळजवळ दोनतृतीयांश उजेड घेईल आणि उजळून येईल. भिंत रंगविण्याची किंवा काळा पडदा आणण्याची गरज नाही, दिवा हलविला की पुरे. अंतराचा दुसरा परिणाम सावलीच्या कडेवर होतो. दिवा चेहऱ्याच्या मानाने जितका मोठा दिसेल तितकी सावलीची कड मऊ. म्हणून बल्बसमोर चौकटीवर ताणलेला ट्रेसिंग पेपर जवळ आणून धरला की कठोर सावली वितळते, आणि तीच चौकट खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली की तिचा मऊपणा पुष्कळसा नाहीसा होतो. सूर्य केवढा प्रचंड, पण तो इतका दूर आहे की आकाशात आपल्याला रुपयाएवढा दिसतो, आणि म्हणूनच उन्हातल्या सावल्या इतक्या धारदार असतात.

दिवा कोठे आहे याइतकेच दिवा आणि मुख यांच्या मध्ये काय आहे याला महत्त्व असते, याचा सर्वांत भव्य दाखला कोल्हापुरात वर्षातून दोनदा पाहावयास मिळतो. अंबाबाईचे मंदिर पश्चिमाभिमुख. ३१ जानेवारी आणि १ व २ फेब्रुवारी, तसेच ९, १० व ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरून क्रमाने देवीच्या चरणांपर्यंत, मध्यभागापर्यंत आणि मुखापर्यंत पोहोचतात. हे दोन्ही काळ सूर्याच्या दक्षिणेकडील परम सीमेपासून मागे-पुढे सारख्याच अंतरावर, प्रत्येकी सुमारे एकेचाळीस-बेचाळीस दिवसांवर आहेत, त्यामुळे दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर एकाच ठिकाणी मावळतो, आणि ज्या स्थपतींनी गाभारा बांधला त्यांनी हा हिशेब दगडात मुक्रर करून ठेवला. मार्गात एखादी इमारत उंच झाली किंवा क्षितिजाशी ढग व धूळ दाटली की किरणे वाटेतच अडतात. जवळजवळ आडव्या, समोरून येणाऱ्या उजेडात देवीचे मुख जसे उजळते तसे ते वरच्या दिव्याने कधीही उजळत नाही, आणि डोळ्यांच्या पातळीवरच्या प्रकाशाचे सामर्थ्य ज्याला समजून घ्यावयाचे आहे त्याने भक्तिभावाने आणि अभ्यासकाच्या नजरेने तो सोहळा पाहावा.

पुस्तकांतील मांडण्या बहुधा उघड्या डोक्याच्या, गोऱ्या वर्णाच्या मुखांसाठी सांगितलेल्या असतात, आणि कोल्हापुरी माणूस समोर बसला की त्या अपुऱ्या पडतात. फेटा घ्या. त्याची पुढची घडी कपाळावर आलेली असते. उंचावरचा दिवा लावला तर ती घडी भुवयांवर आणि डोळ्यांवर छाया टाकते, म्हणून दिवा खाली आणावा लागतो, किंवा मांडीवर पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा ठेवून खालून थोडा उजेड परत पाठवावा लागतो. शिवाय फेटा पांढरा आणि चेहरा उन्हात रापलेला असेल तर कॅमेऱ्यातील मापक फसतो. त्याला समोरचे सारे दृश्य मध्यम राखाडी करावयाचे असते, त्यामुळे तो पांढऱ्या वस्त्राला घाबरून उजेड कमी करतो आणि नेमका चेहरा अंधारात ढकलतो. अशा वेळी मापन फक्त गालावरून करावे. सावळ्या त्वचेचे सौंदर्य तिच्या तकाकीत असते; समोरून भरपूर उजेड ओतून ती उजळ करण्याचा जो सार्वत्रिक प्रघात आहे तो मला मनापासून खटकतो, कारण त्याने वर्णही जातो आणि घडणही जाते. मोठा, मऊ दिवा बाजूला, किंचित मागे ठेवला की कपाळाच्या आणि गालाच्या कडेवर उजेडाची रेघ उमटते आणि वर्ण आहे तसा राहून मुख उठावदार होते. कोल्हापुरी साज आणि नथ यांचा प्रश्न वेगळा. सोने आरशाप्रमाणे वागते, भोवताली जे असेल ते ते दाखविते. अंधाऱ्या खोलीत एका दिव्याखाली साज काळा दिसतो आणि मध्येच एखादा डोळे दिपविणारा ठिपका चमकतो, पण गळ्याच्या पातळीवर पांढरा फलक धरताच सारा साज सोन्याचा दिसू लागतो. नथीची सावली ओठावर पडू नये म्हणून दिवा नथीच्याच बाजूला न ठेवता पलीकडे ठेवून पाहावा, मग दोहोंपैकी कोणते बरे ते ठरवावे.

आणि पैलवान! गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत लाल मातीत घुमून आलेल्या पैलवानाचे चित्र समोरच्या फ्लॅशने काढणे म्हणजे त्याची सारी मेहनत पुसून टाकणे होय. त्याच्या मानेचे, खांद्याचे स्नायू आणि वर्षानुवर्षांच्या झटापटीने मोडलेले कान हे बाजूच्या, कठोर, खिडकीतून तिरप्या येणाऱ्या उजेडातच वाचता येतात. उलट घरातील आजीच्या मुखावर तोच उजेड टाकला तर प्रत्येक सुरकुती दुणावते. काही जण म्हणतील, मग आजीला मऊ दिवा द्यावा आणि सुरकुत्या लपवाव्यात. मी म्हणेन, मऊ दिवा द्यावा पण तो बाजूलाच ठेवावा, कारण त्या रेषा तिच्या आयुष्याचा दस्तऐवज आहेत. त्या किती गडद दिसाव्यात एवढेच ठरविण्याची मुभा आपल्याला आहे.

अंधाराला भिऊ नये हे बाबूरावांच्या घराण्याने फार लवकर ओळखले. ‘सावकारी पाश’ त्यांनी १९२५ साली मूक आणि १९३६ साली बोलका असा दोनदा केला; बोलपटातील दाट काळोखात टिपलेली एक उदास झोपडी आणि त्या काळोखातून येणारे कुत्र्याचे रडणे जे. बी. एच. वाडियांसारख्या दिग्दर्शकाला आयुष्यभर विसरता आले नाही. त्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत उमेदवारी केलेले शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. कंपनी पुण्यास गेल्यावर शांतारामांच्या ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) चंद्रमोहन यांच्या राजगुरूचा एकच डोळा पडदाभर दिसला, आणि त्या एका डोळ्याचा प्रेक्षकांनी धसका घेतला. खेद एवढाच की, महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट नष्ट झाले आणि आपण त्यांच्याविषयी आज बहुतांशी वाचूनच बोलतो.

हल्ली गोल कडीचा एलईडी दिवा घरोघर आला आहे. तो भिंगाभोवतीच असल्याने सावली जवळजवळ राहू देत नाही, आणि बुबुळात एक पांढरे कडे उमटवतो. पारपत्राच्या चित्राला तो चांगला, कारण तेथे ओळख पटविणे एवढेच प्रयोजन असते. पण जी मुले आपल्या बहिणीचे, वडिलांचे, मित्राचे चित्र प्रेमाने काढू इच्छितात त्यांच्या हाती हा दिवा आरंभीच पडावा याचे मला वाईट वाटते. त्याने सर्व मुखे एकाच कुटुंबातील वाटू लागतात. त्यांनी तो दिवा भिंगापासून सोडवून हातभर बाजूला नेऊन पाहावा. तोच दिवा, त्याच किमतीत, निराळे काम करू लागेल. मग सावलीच्या बाजूस पांढरा थर्माकोल धरावा आणि तो जवळ-दूर करीत सावली किती उघडते ते पाहावे. नंतर थर्माकोलच्या जागी काळे कापड धरावे, म्हणजे सावली गहिरी होऊन जबड्याची कड कशी कापल्यासारखी निघते तेही दिसेल. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दिव्याची बाजू, उंची व अंतर वहीत टिपून ठेवावे. दुसरा दिवा आणावयाचाच तर तो पाठीमागून केसांवर टाकण्यासाठी आणावा, ज्यायोगे काळे केस काळ्या पडद्यात बुडून जाणार नाहीत.

या अभ्यासाला जोड हवी ती दुसऱ्यांची चित्रे वाचण्याची. राजारामपुरीत चंद्रकांत मांढरे यांनी आपले राहते घर शासनाच्या स्वाधीन केले, तेथे त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. रुपेरी पडद्यावर नायक म्हणून गाजलेल्या या कलावंताची निसर्गचित्रे तेथे आहेत, आणि पूड कागदावर घासून केवळ छायेच्या चढउतारांतून आकार काढण्याच्या, ज्याला पावडर शेडिंग म्हणतात त्या पद्धतीची चित्रेही आहेत. अशा चित्रासमोर, किंवा घरातल्या जुन्या तसबिरीसमोर, उभे राहून उलटा शोध घ्यावा. बुबुळातील पांढरा ठिपका घड्याळाच्या दहाच्या जागी असेल तर दिवा आपल्या डाव्या हाताला वर होता. ठिपका चौकोनी असेल तर ती बहुधा खिडकी होती. नाकाची सावली लांब असेल तर दिवा उंच किंवा फार बाजूला होता. कानामागची भिंत काळी असेल तर दिवा चेहऱ्याच्या फार जवळ होता. एवढे वहीत उतरवून घरी यावे, आणि आपला दिवा त्याच जागी ठेवून पाहावा.